जीव वाचला, पण पुढे काय?

थँक्सगिव्हिंग आटोपलं की आपल्या घराघरांत दोन विषय सुरू होतात. मोठ्यांचा विषय म्हणजे यंदा भारतात जायचं की नाही, आणि तिकिटं केवढ्याला पडतील. मुलांचा विषय म्हणजे बर्फावर कधी जायचं. आपल्यापैकी बहुतेकांनी खरा बर्फ पहिल्यांदा पाहिला तो या देशात आल्यावर. त्यामुळे आपल्यासाठी बर्फ म्हणजे फावडं, मीठ आणि सकाळी गाडीची काच खरवडणं. मुलांचं तसं नाही. ती इथेच वाढलेली. शाळेचा स्की क्लब असतो, मित्रांची गँग असते, आणि टीव्हीवर विंटर ऑलिंपिक बघून 'मलापण स्नोबोर्डिंग शिकायचंय' हा हट्ट असतो. आपणही हौसेने पाठवतो. पाठवावंच. मुलांनी मोकळ्या हवेत खेळावं, पडावं, पुन्हा उठावं, यात गैर काहीच नाही.

पण कधीकधी हे पडणं साधं नसतं. यंदाच्या निधी-संकलनासाठी 'डोक्याची दुखापत आणि पुनर्वसन' हा विषय ठरला, तेव्हा या पुस्तिकेत त्याची नीट माहिती देणारा एक लेख हवा असं आम्हा कार्यकर्त्यांना वाटलं. हा लेख कोणाला घाबरवण्यासाठी नाही आणि मुलांचा खेळ बंद करा असं सांगण्यासाठी तर मुळीच नाही. आम्हाला सांगायचं आहे ते थोडक्यात असं: जीव वाचवण्याचं काम काही तासांचं, फार तर काही आठवड्यांचं असतं. माणूस पुन्हा उभा करण्याचं काम वर्षांचं असतं. आपली मदत मात्र पहिल्या पंधरवड्यातच संपून जाते.

एका फळीवर दोन पाय

ज्यांच्या घरी हा खेळ अजून पोचलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. १९६५ सालच्या नाताळात मिशिगन राज्यातल्या मस्कीगन गावी शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकमेकींना जोडून एक फळी केली. त्यांच्या पत्नीने 'स्नो' आणि 'सर्फ' मिळून तिला 'स्नर्फर' असं नाव दिलं. पुढे व्हरमाँटमध्ये जेक बर्टन कार्पेंटर यांच्यासारख्यांनी ती फळी सुधारली, आणि १९९८ साली जपानमधल्या नागानो इथे स्नोबोर्डिंग ऑलिंपिकमध्ये आलं.

स्कीइंगमध्ये दोन पायांना दोन वेगळ्या पट्ट्या आणि हातात काठ्या असतात. स्नोबोर्डिंगमध्ये दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले असतात, आणि हातात काही नसतं. तोल गेला तर एक पाय पुढे टाकून सावरता येत नाही. पडताना माणूस आपोआप हात टेकतो, म्हणून या खेळात मनगटाची दुखापत सर्वांत जास्त आढळते. नवशिक्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते. फळीची उताराकडची कड अचानक बर्फात रुतते आणि क्षणात माणूस आडवा होतो. पाठमोरा असेल तर डोक्याचा मागचा भाग कडक बर्फावर आपटतो. दुपारनंतर वितळून पुन्हा गोठलेला बर्फ सिमेंटसारखा असतो हे लक्षात घ्या.

केविन पीअर्सची गोष्ट

या विषयावर बोलताना अमेरिकेत एक नाव हमखास निघतं, ते केविन पीअर्सचं. व्हरमाँटमध्ये वाढलेला हा मुलगा. वडील सायमन पीअर्स काचेच्या कलाकुसरीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. चार भावांत केविन धाकटा. २००९ च्या अखेरीस तो २२ वर्षांचा होता आणि जगातल्या अव्वल स्नोबोर्डर्सपैकी एक गणला जात होता. फेब्रुवारी २०१० मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला ऑलिंपिक होणार होतं, आणि शॉन व्हाइटला टक्कर देईल तर हाच, असं बोललं जात होतं.

३१ डिसेंबर २००९ रोजी यूटा राज्यातल्या पार्क सिटी इथे तो सराव करत होता. हाफपाइप म्हणजे बर्फात कोरलेली अर्ध्या नळीसारखी घळ. तिच्या भिंती २२ फूट उंच, म्हणजे जवळजवळ दोन मजली घराएवढ्या. तिथून हवेत उडून दोनदा उलटं फिरायची एक अवघड उडी तो करत होता. उतरताना अंदाज चुकला आणि डाव्या डोळ्याच्या वर कपाळ बर्फावर आपटलं. हेल्मेट होतं. तरीही तो जागीच बेशुद्ध झाला. हेलिकॉप्टरने त्याला सॉल्ट लेक सिटीतल्या युनिव्हर्सिटी ऑफ यूटाच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. पुढचे कित्येक दिवस तो अत्यवस्थ होता. ऑलिंपिक झालं, शॉन व्हाइटने सुवर्णपदक जिंकलं. तेव्हा केविन कोलोरॅडोतल्या क्रेग हॉस्पिटलमध्ये, म्हणजे मेंदू आणि मणक्याच्या दुखापतींसाठी नावाजलेल्या पुनर्वसन केंद्रात, उभं राहायला, चालायला, गिळायला आणि बोललेलं लक्षात ठेवायला नव्याने शिकत होता. मे २०१० मध्ये तो व्हरमाँटला घरी परतला.

वर्तमानपत्राच्या दृष्टीने गोष्ट इथे संपते. मुलगा वाचला, घरी आला. आपल्याकडेही म्हणतातच, 'जान बची तो लाखो पाये'. पण पीअर्स कुटुंबाच्या दृष्टीने खरी गोष्ट इथून सुरू झाली. ती पुढे येईलच. त्याआधी कवटीच्या आत काय घडतं ते समजून घेऊ.

डब्यातला खरवस

मेंदू हा अवयव किती मऊ असतो याची आपल्याला कल्पना नसते. खरवस भरलेला स्टीलचा डबा डोळ्यांसमोर आणा. डबा जोरात आपटला तर डब्याला पोचाही येणार नाही कदाचित, पण आतला खरवस या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळेल आणि त्याला चिरा जातील. डबा आपटताना गरकन फिरला तर नुकसान आणखी जास्त. मेंदूचं असंच होतं. मार लागला तिथे इजा होतेच, पण बरेचदा विरुद्ध बाजूलाही होते. शिवाय मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाकडे नेणारे जे अतिसूक्ष्म धागे असतात, ते या हिसक्याने ताणले जातात, काही तुटतात. हे नुकसान सगळीकडे विखुरलेलं असल्यामुळे सीटी स्कॅनमध्ये ते धडपणे दिसतही नाही.

दुसरा धोका सुजेचा. पाय मुरगळला तर घोटा टम्म फुगतो, कारण त्याला फुगायला जागा असते. कवटी हाडाची. आत सूज आली किंवा रक्त साचलं की दाब वाढत जातो, आणि दाब वाढला की मेंदूला मिळणारा रक्तपुरवठाच कमी होतो. म्हणून आयसीयूमधली पहिली लढाई या दाबाशी असते. औषधं देऊन रुग्णाला गाढ झोपवून ठेवतात, श्वासासाठी व्हेंटिलेटर लावतात, कवटीला बारीक भोक पाडून नळी घालतात आणि आतलं पाणी काढून दाब उतरवतात. गरज पडली तर कवटीचा तुकडा काही काळ काढूनही ठेवतात. आईबापांना हे बघवत नाही. पण या सगळ्या नळ्या म्हणजे मेंदूला वेळ मिळवून देण्याचे उपाय असतात.

डॉक्टरांच्या तोंडी 'ग्लासगो स्कोअर' हा शब्द वारंवार येतो. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी १९७४ साली ही पद्धत मांडली. डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, या तीन गोष्टींना गुण देतात. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. आठ किंवा त्याहून कमी म्हणजे दुखापत गंभीर. हा त्या वेळचा अंदाज असतो, आयुष्याचा निकाल नव्हे. पहिल्या दिवशीच्या आकड्यावरून 'आता हा कसा होणार' हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मग हेल्मेटचा उपयोग काय, असा प्रश्न पडेल. उपयोग नक्की आहे. २०१० साली कॅनडातल्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा हेल्मेट घालणाऱ्या स्कीअर आणि स्नोबोर्डर्समध्ये डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आढळला. हेल्मेट डबा वाचवतं, आणि खरवसाला बसणारा हिसकाही थोडा कमी करतं. केविनच्या डोक्यावर ते नसतं तर तो वाचला नसता असंच बहुतेक जाणकार मानतात. पण हेल्मेट घातलं म्हणजे काहीही केलं तरी चालेल, हा समज मुलांच्या मनातून काढायला हवा.

पडल्यावर 'मी ठीक आहे' म्हणणारा माणूस

मार्च २००९ मध्ये अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात स्कीइंग शिकत असताना नवशिक्यांच्या साध्या उतारावर पडल्या. हेल्मेट नव्हतं. उठल्या, बोलल्या, हसल्या, डॉक्टर नको म्हणाल्या. थोड्याच वेळात डोकं दुखायला लागलं आणि दोन दिवसांत त्या गेल्या. कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साचत गेलं की असं होतं. मधला काही काळ माणूस अगदी बरा दिसतो.

म्हणून डोक्याला मार लागल्यानंतर पुढचे २४ ते ४८ तास त्या व्यक्तीला एकटं सोडू नका. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, बोलणं अडखळणं, एका हातापायाची शक्ती कमी होणं, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणं, झटके येणं, न ओळखणं, किंवा जागं करूनही जागं न होणं, यातलं काहीही दिसलं तर थेट ९११. 'सकाळपर्यंत बघू' नाही.

दुसरी गोष्ट आपल्या सिनेमांबद्दल. हिंदी सिनेमात डोक्याला एक मार लागला की स्मृती जाते आणि दुसरा लागला की परत येते. प्रत्यक्षात पहिला मार भरून यायच्या आत बसलेला दुसरा मार सगळ्यात घातक असतो. वॉशिंग्टन राज्यातला झॅकरी लिस्टेड हा शाळकरी फुटबॉल खेळाडू २००६ मध्ये डोक्याला मार लागूनही त्याच सामन्यात पुन्हा मैदानात उतरला आणि कायमचा जायबंदी झाला. त्याच्या नावाने २००९ मध्ये त्या राज्यात कायदा झाला, आणि २०१४ पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत तसे कायदे आले. डोक्याला मार लागल्याची शंका आली तर मुलाला लगेच खेळातून बाहेर काढायचं आणि जाणकार वैद्यकीय व्यक्तीच्या परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही, हा त्यांचा गाभा. शाळेच्या मैदानावर हा नियम कोच पाळतो. स्की रिसॉर्टवर तो आपल्यालाच पाळावा लागतो. तिकिटाचे पैसे वाया जातील, जाऊ द्या.

शुद्धीवर येणं हा एक दिवस नसतो

पुन्हा सिनेमाच. पट्टी बांधलेला नायक डोळे उघडतो, 'मी कुठे आहे?' विचारतो आणि आईला ओळखतो. गंभीर दुखापतीनंतर माणूस असा बटण दाबल्यासारखा जागा होत नाही. आधी डोळे उघडतात, पण नजर कुठे नसते. मग आवाजाकडे मान वळते. मग एखादी सूचना पाळली जाते, 'हात दाब' म्हटल्यावर हात दाबला जातो. त्यानंतर बरेचदा एक अवघड काळ येतो. रुग्ण चिडतो, नळ्या ओढतो, आयुष्यात कधी दिली नसेल अशी शिवी आईसमोर देतो. घरचे हादरतात. तज्ज्ञ सांगतात की हा बरं होण्याच्या वाटेवरचाच एक टप्पा आहे. कॅलिफोर्नियातल्या रँचो लॉस अमिगोस या पुनर्वसन केंद्राने असे टप्पे ओळीने मांडून ठेवले आहेत आणि अनेक ठिकाणी तेच वापरतात. घरच्यांनी ते समजून घेतले तर 'माझा मुलगा असा नव्हता हो' या दुःखाची धार थोडी कमी होते.

मग खरं पुनर्वसन. फिजिकल थेरपिस्ट चालणं आणि तोल शिकवतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट दात घासणं, शर्टाची बटणं लावणं, चहा करणं अशी रोजची कामं पुन्हा बसवून घेतात. स्पीच थेरपिस्ट फक्त बोलणं बघत नाहीत, गिळणं, लक्ष देणं, आठवणं हेही त्यांच्याकडेच असतं. न्यूरोसायकॉलॉजिस्ट विचारशक्ती आणि स्वभावातले बदल तपासतात. तुटलेले धागे बहुधा पूर्वीसारखे जुळत नाहीत, पण मेंदू आडवाटा शोधतो, आणि त्या वाटा वापरून वापरूनच रुळतात. म्हणून एकच कृती शंभर वेळा करून घेतात. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते. त्यानंतर वेग मंदावतो, पण ती वर्षानुवर्षं चालू राहू शकते.

न दिसणारी दुखापत

घरी आलेला केविन दिसायला पूर्वीसारखाच होता. चालत होता, हसत होता. पण एकाचे दोन दिसायचे, त्यासाठी डोळ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या. आत्ता सांगितलेलं पुढच्या क्षणी विसरायचा. लवकर थकायचा. सगळ्यात कठीण गोष्ट म्हणजे त्याला पुन्हा स्पर्धेत उतरायचं होतं, आणि आपल्याला ते झेपणार नाही हे त्याला समजत नव्हतं. हा नुसता हट्ट नव्हता. स्वतःचं काय बिघडलंय हे ओळखण्याचं काम मेंदूचंच असतं, आणि इजा तिथेच झालेली असली की माणसाला आपलं अपुरेपण दिसतच नाही.

डॉक्टरांनी बजावलं होतं की डोक्याला पुन्हा मार बसला तर जिवावर बेतेल. जानेवारी २०१२ मध्ये पार्क सिटीच्या त्याच हाफपाइपमध्ये कॅनडाची फ्रीस्टाइल स्कीपटू सारा बर्क पडली आणि नऊ दिवसांनी गेली. पीअर्स कुटुंबाने केविनला खोलीत कोंडलं नाही, आणि त्याच्या म्हणण्याला मानही डोलावली नाही. जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर, वारंवार बोलणी झाली. डाउन सिंड्रोम असलेला त्याचा भाऊ डेव्हिड याने तर आपली भीती सगळ्यांत स्पष्टपणे बोलून दाखवली. लूसी वॉकर यांच्या 'द क्रॅश रील' या २०१३ सालच्या माहितीपटात हे सगळं आहे. आपल्या घरातल्या तरुण मुलांबरोबर बसून तो जरूर बघा.

१३ डिसेंबर २०११ रोजी, जवळजवळ दोन वर्षांनी, केविन कोलोरॅडोतल्या ब्रेकेनरिज इथे मित्रांबरोबर पुन्हा बर्फावर उतरला. साध्या उतारावर, केवळ आनंदासाठी. स्पर्धा मात्र त्याने सोडली. २०१४ मध्ये त्याने आणि त्याचा भाऊ अ‍ॅडम याने 'लव्ह युवर ब्रेन' ही संस्था काढली. मेंदूची दुखापत झालेल्यांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी ही संस्था योगवर्ग आणि निवासी शिबिरं घेते. योगाचं नाव वाचून आपल्याला बरं वाटेल, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सांभाळणाऱ्यांनाही तिथे जागा आहे.

आपल्या समाजात इथेच गाडी अडते. हात मोडला तर आपण प्लास्टरवर सह्या करतो. मेंदूचं काही झालं की कुजबूज सुरू होते. 'दिसतो तर ठणठणीत, मग नोकरी का करत नाही?' 'आईने लाडावून ठेवलाय.' घरचेही मग कार्यक्रमांना यायचं टाळतात, मुलाच्या लग्नाचं कसं होईल या काळजीने गोष्ट झाकून ठेवतात. वर्षभरात ते कुटुंब एकटं पडतं. रुग्णाला नैराश्य येतं, आणि बरेचदा ते आईलाही येतं. ही परिस्थिती बदलायला एक डॉलरही लागत नाही.

आधी करून ठेवायच्या गोष्टी

आता थोडं व्यवहाराचं. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याने ते प्रौढ. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाची वैद्यकीय माहिती मिळण्याचा किंवा त्याच्या वतीने निर्णय घेण्याचा हक्क आईबापांना आपोआप राहत नाही. अनेकदा हॉस्पिटलं समजुतीने घेतात, पण कागद असला की प्रश्नच उरत नाही. 'हेल्थ केअर प्रॉक्सी' किंवा 'मेडिकल पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी' हा फॉर्म प्रत्येक राज्याचा वेगळा असतो. मुलाने तो भरून सही केली की एक प्रत घरी आणि एक त्याच्या फोनमध्ये ठेवा. डॉर्ममध्ये सामान पोचवायला जाल तेव्हाच हे काम उरका.

दुसरं इन्शुरन्सचं. २०१० च्या आरोग्यविमा कायद्यामुळे मुलाला २६ वर्षांपर्यंत आईवडिलांच्या विम्यात ठेवता येतं. पण आपल्या पॉलिसीत दुसऱ्या राज्यातलं हॉस्पिटल, हेलिकॉप्टर आणि थेरपी कितपत बसते हे कधी वाचलंय का? थेरपीच्या वर्षाला अमुकच भेटी अशी मर्यादा बऱ्याच पॉलिसींमध्ये असते, आणि आपण वर सांगितलेली लांबची लढाई नेमकी या भेटींवरच अवलंबून असते.

तिसरं रजेचं. १९९३ च्या कायद्याप्रमाणे घरच्यांच्या गंभीर आजारपणासाठी वर्षात १२ आठवड्यांची बिनपगारी रजा मिळू शकते आणि नोकरी शाबूत राहते. कंपनीत ५० किंवा जास्त लोक असणं, तुमची तिथे वर्षभर नोकरी झालेली असणं अशा अटी आहेत. शाळकरी मुलाच्या बाबतीत लक्षात ठेवा की १९९० पासून मेंदूची दुखापत हा स्पेशल एज्युकेशनच्या कायद्यातला स्वतंत्र प्रकार आहे. शाळेकडे लेखी मागणी करायला लाजू नका, तो मुलाचा हक्क आहे.

आणि हे फक्त तरुणांचं नाही. या देशात डोक्याला दुखापत होऊन हॉस्पिटलात दाखल होणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक स्नोबोर्डिंगने नाही, साध्या पडण्याने तिथे पोचतात. हिवाळ्यात आलेले आईबाबा चपला घालून पत्रपेटीकडे निघतात आणि ड्राइव्हवेवर घसरतात. त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर छोटा मारही मोठा ठरू शकतो. त्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स आणि बुटांचे तळवे, दोन्ही तपासा.

आणि तिकडे भारतात

भारतात बहुतेक ठिकाणी बर्फ नसला तरी स्कूटर आहे. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांपैकी सुमारे ७५ हजार दुचाकीवरची होती, आणि सुमारे ५० हजार जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. पुण्यात तर हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले. 'शिर सलामत तर पगडी पचास' ही म्हण असलेल्या आपल्या समाजाला पगडीचीच काळजी जास्त! भारतात फोन कराल तेव्हा भाच्या-पुतण्यांना हे आकडे सांगा, आणि जमलं तर पुढच्या खेपेला चॉकलेटऐवजी एक चांगलं हेल्मेट घेऊन द्या.

तिथेही जीव वाचवणारी हॉस्पिटलं वाढली, पुनर्वसन मात्र मागे राहिलं. २००५ मध्ये जोधपूरच्या राजघराण्यातले शिवराज सिंह पोलो खेळताना घोड्यावरून पडले आणि डोक्याला गंभीर इजा झाली. मुलाच्या आजारपणात ही उणीव जवळून पाहिलेल्या गज सिंह यांनी २००७ मध्ये 'इंडियन हेड इंज्युरी फाउंडेशन' स्थापन केलं. राजघराण्याला जे अवघड गेलं ते सातारा-सोलापूरकडच्या एखाद्या शेतकरी कुटुंबाला किती जड जात असेल याची कल्पना करा.

आपण काय करू शकतो

आपल्या मंडळींच्या मदतीला तोड नाही. कोणाकडे काही झालं की दुसऱ्या दिवशी दारात सहा डबे येतात, तीन वेळा तर नुसती मसालेभातच येतो! हे प्रेम हवंच. आमची विनंती एवढीच की त्यातलं थोडं शिल्लक ठेवा. पहिल्या आठवड्यात पन्नास माणसं असतात, विसाव्या आठवड्यात कोणी नसतं. आणि विसाव्या आठवड्यातच थेरपीला कोणीतरी गाडीने सोडायचं असतं, विम्याच्या कंपनीशी तासभर फोनवर भांडायचं असतं, धाकट्या बहिणीला मराठी शाळेत पोचवायचं असतं, आणि आईला दोन तास झोप हवी असते.

म्हणून असं कुटुंब आपल्या ओळखीत असेल तर वहीत तीन महिन्यांनंतरची, सहा महिन्यांनंतरची आणि वर्षानंतरची तारीख लिहून ठेवा, आणि त्या दिवशी फोन करा. 'काही लागलं तर सांगा' असं म्हणू नका, कोणी सांगत नाही. 'मंगळवारी मी थेरपीला सोडतो' असं म्हणा. गणपतीला, दिवाळीला त्यांना आग्रहाने बोलवा. ढोल-ताशांचा आवाज आणि गर्दी अशा माणसांना सहन होत नाही, तर हॉलमधली एक खोली शांत ठेवा. तो एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत असेल तर तिसऱ्यांदा ऐकून घ्या.

या पुस्तिकेतून उभा राहणारा निधी पुनर्वसनाच्या अशाच लांब पल्ल्याच्या कामासाठी आहे. जाहिरातदारांचे, देणगीदारांचे आणि रात्री जागून तिकिटं विकणाऱ्या स्वयंसेवकांचे आम्ही मनापासून आभारी आहोत. थेंबे थेंबे तळे साचे, त्यामुळे रक्कम लहान आहे म्हणून संकोच करू नका. दरमहा थोडं देणं जमत असेल तर तेच जास्त उपयोगाचं, कारण ही गरजही दरमहाचीच असते.

आणि मुलांना यंदाही बर्फावर जरूर पाठवा. मापाचं हेल्मेट, मनगटाचे गार्ड, पहिल्या दिवशी शिक्षकाकडून धडा, आणि खिशात घरचा फोन नंबर. मजा करून, गाल लाल करून, भुकेजून घरी येऊ देत. गरम गरम पिठलं-भात आपण तयार ठेवूच.